म्हैस चाटण विटेला तोंड लावत नाही, म्हणजे तिला क्षार नकोत काय?

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. कोठ्यात टांगलेल्या चाटण विटेला (जनावराने चाटायच्या मीठ-खनिजांच्या विटेला) आमच्या दोन्ही म्हशी तोंड लावत नाहीत. यवतमाळकडच्या साळ्याकडे मात्र तशीच वीट पाहता पाहता संपते. जनावराला जे हवे तेच ते खाते, असे वडील सांगतात. मग आमच्या म्हशींना क्षारांची गरज नाही, असे समजावे काय? भाकड म्हैस उकिरड्यावरची हाडे चघळते, म्हणून शंका येते.
– एक पशुपालक, दर्यापूर तालुका

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे मिठापुरते खरे आहे, त्यापलीकडे ते फारसे टिकत नाही. कडबा आणि कुटार यांत पोटॅशियम भरपूर, पण सोडियम अत्यल्प असते आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या लाळेला तर सोडियम सतत लागते. ते कमी पडले की शरीरात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, लघवीतून व लाळेतून जाणारे सोडियम रोखले जाते आणि मेंदूत मिठाची भूक जागी होते. ऑस्ट्रेलियात शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेरेक डेंटन यांनी मेंढ्यांची लाळ शरीराबाहेर काढून घेतली, तेव्हा त्या मेंढ्या गमावलेल्या सोडियमच्या बेताने खारे पाणी पिऊ लागल्या.

आपल्या म्हशी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पीत असतील, तर पूर्णेच्या खोऱ्यातील त्या खाऱ्या पाण्यातूनच त्यांची ही भूक भागत असावी. चाटण विटेत मुख्यतः मीठच असते आणि जनावर चाटते ते मिठासाठी. फॉस्फरस, तांबे, जस्त हे त्या मिठासोबत पोटात जातात. म्हणून वीट नाकारण्याचा अर्थ 'मीठ पुरे' एवढाच घ्यावा.

कॅल्शियमची ओढ अंड्यावरच्या कोंबडीत स्पष्ट दिसते, परंतु दुभत्या गाईंपुढे वेगवेगळी खनिजे मांडून घेतलेल्या चाचण्यांत त्यांनी गरजेनुसार निवड केली नाही. मेंढीला तर जादा तांब्याने विषबाधा होते, तरी ती ते टाळत नाही. यासाठीच गाई-म्हशींचे मिश्रण मेंढ्यांना देऊ नये.

हाडे चघळणे हे बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेचे लक्षण असते. सरकीच्या ढेपेत फॉस्फरस चांगला असतो, कडब्यात कमी. आणि ढेप दुभतीला घालून भाकडीला नुसता कडबा टाकण्याची आपल्याकडची रीत पाहता, हाडांकडे तीच वळली यात नवल नाही. तिला रोज सुमारे ५० ग्रॅम बिनमिठाचे खनिज मिश्रण ओंजळभर ढेपेत कालवून द्यावे. दुभतीला दुधाच्या मानाने अधिक लागते. जंतनाशक दिले नसल्यास पशुवैद्यकांना विचारून तेही द्यावे.

उकिरड्यावरची हाडे मात्र आजच खोल पुरावीत. दक्षिण आफ्रिकेत फॉस्फरसच्या भुकेने कुजकी हाडे चघळणारी गुरे बोट्युलिझमने (कुजक्या मांसा-हाडांतील जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाने) मरत, हे पशुवैद्यक अर्नोल्ड थेलर यांनी १९२० च्या सुमारासच दाखवून दिले होते. या रोगात जनावराचे पाय लुळे पडतात, जीभ ढिली पडते आणि गिळणे थांबते. असे काही दिसल्यास तोंडाने पाणी किंवा औषध पाजू नये. पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे.