पैसे सरळ देता येतात, मग चॅरिटीसाठी मॅरेथॉन कशाला पळायची?

तुमचा प्रश्न आहे की संस्थेला थेट पैसे देता येत असताना लोक महिनोन्महिने मॅरेथॉनची तयारी का करतात. मी कोल्हापूरचा. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पळणार आहे. पैसे मी आधीही देत होतो, पण ते कशासाठी देतो हे कुणी विचारत नव्हतं. पळायला लागल्यापासून विचारतात. माझ्यापुरतं कारण हेच.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. अंगात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. हृदयात, यकृतात साठू नये म्हणून रोजची औषधं, ती आयुष्यभर. रक्ताचं म्हणाल तर आपल्याकडं मंडळं शिवजयंतीला, गणपतीत शिबिरं घेतात, देणारे पुष्कळ आहेत. पण रक्तपेढीत साठवलेल्या तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात. फेब्रुवारीतलं रक्त मे महिन्यात कामाला येत नाही, आणि उन्हाळ्यात शिबिरं कमी होतात.

रक्त चढवायची तारीख जवळ आली की पोरगं मंदावतं. घर दुसऱ्या मजल्यावर. मित्रांबरोबर वर येताना जिन्याच्या वळणावर तो खाली बसतो, बुटाची लेस सोडतो आणि सावकाश परत बांधतो. लेस सुटलेली नसते. मित्र पुढं जातात, मग हा उठतो. घरातही हेच चाललं होतं. बहिणीच्या सासरचे लोक कुणी विचारलं तर "जरा अशक्तपणा आहे" एवढंच सांगायचे. आजाराचं नाव घेतलं तर घराण्यात खोट आहे असं लोक म्हणतील, ही भीती. त्याला लेसचा आधार घ्यायला आपणच शिकवलं, असं मला राहून राहून वाटायचं.

मी पहाटे रंकाळ्यावर पळतो, चढाची सवय व्हावी म्हणून विद्यापीठाच्या बाजूला, आणि रविवारी लांबचं पळणं पन्हाळ्याच्या रस्त्यानं वाघबीळपर्यंत. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायचं. समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. तिथं घामानं निथळणारा माणूस दिसला की चौकशी होणारच. एका वयस्कर पैलवानांनी सरळ विचारलं, "किलोमीटरमागं देणगी किती लावू बोल. आणि त्या पोराचा आजार काय म्हणालास?"

मी सांगितलं. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे या आजाराचं एक सदोष जनुक अंगात असलेले, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. रक्ताच्या एचबीए२ तपासणीत कळतं. पैलवानांच्या पुतणीचं लग्न ठरत होतं. त्यांनी दोन्हीकडच्यांशी बोलून मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करून घेतली. माझ्या वर्षाच्या देणगीनं हे झालं नसतं.

दुसरं कारण दिलेल्या शब्दाचं. ३० किलोमीटरच्या पुढं पायात गोळे येतात, शरीरातला साखरेचा साठा संपत आलेला असतो. नुसत्या तब्येतीसाठी पळत असतो तर तिथं थांबलो असतो, आणि त्यात काही वावगंही नव्हतं. पण किलोमीटरमागं पैसे लावलेली माणसं मला रोज कट्ट्यावर भेटतात.

व्यवहाराचंही सांगतो, कारण लोक हमखास विचारतात. पैसे मी हातात घेत नाही. देणाऱ्यानं थेट संस्थेच्या खात्यावर भरायचे आणि पावती घ्यायची. संस्थेकडं ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते, मात्र २००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला मिळत नाही.

तुमच्या मनात असेल तर ज्या कामाबद्दल रस्त्यात कुणी अडवलं तरी दहा मिनिटं नीट बोलता येईल, असं काम निवडा. पूर्ण अंतर झेपणार नसेल तर अर्धी मॅरेथॉन, २१ किलोमीटरची, पळा. लोक तेव्हाही तितकंच विचारतात.