साखर बंद केली म्हणजे गाठ उपाशी मरते का?

नमस्कार. तुम्ही डिचोलीहून लिहिलंय की वडिलांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, आणि ‘पेशीत साखर जाण्याची वाट अडवून आतड्याच्या कर्करोगावर उपचार’ अशी बातमी वाचल्यापासून घरात साखर, फळं आणि आता पेजसुद्धा बंद केलीय. वजनही उतरतंय म्हणता. मी बरीच वर्षं जीवरसायन शिकवलं, म्हणून आधी हेच सांगतो: आज संध्याकाळीच त्यांना पेज द्या. बातमीतला विचार खरा आहे, पण तो ताटातल्या साखरेबद्दल नाही.

ग्लुकोज पेशीच्या आवरणातून आपसूक आत शिरत नाही. त्याला आत नेणारी प्रथिनं असतात. त्यांतलं इथे महत्त्वाचं ते ग्लुट-१. ग्लुकोज त्यात बसलं की प्रथिन आकार बदलतं आणि आतल्या बाजूला उघडतं. आतड्याच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी हे प्रथिन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनवतात. गाठींची ही साखरेची भूक जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच टिपली होती. २००९ साली पुढचं कळलं: के-रास किंवा बी-राफ जनुकात बिघाड झालेल्या आतड्याच्या कर्करोगपेशी ग्लुट-१ वाढवतात आणि साखर तुटपुंजी असतानाही तग धरतात. म्हणजे साखर आटली तर आधी गाठच मरेल, हा हिशेबच चुकतो.

वडिलांचा पेट स्कॅन झाला असेल तर त्याची फिल्म उजेडात धरून बघा. त्या दिवशी उपाशीपोटी बोलावतात, साखर तपासतात, किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात आणि तासभर गप्प पडून राहायला सांगतात. हे ग्लुकोज याच प्रथिनांतून पेशीत जातं, पण पुढे वापरलं जात नाही, तिथेच अडकतं. म्हणून गाठ काळी उठून दिसते. (मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर निरोगी आतडंही काळं दिसू शकतं, म्हणून ती बऱ्याचदा आधी थांबवतात.) आता त्याच फिल्मवर वर पाहा, मेंदूही काळाभोर आहे. औषध शोधणाऱ्यांचं घोडं इथेच अडलंय. रक्तातली साखर मेंदूत पोचते ती ग्लुट-१ मुळे, तांबड्या पेशीही त्याच्यावरच जगतात. जन्मतः हे प्रथिन कमी असलेल्या बाळांना फिट्स येतात. बे-८७६ सारखी ग्लुट-१ अडवणारी रसायनं प्रयोगशाळेत आणि उंदरांवर वापरली गेलीत. आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं असं एकही औषध आज नाही.

व्हिटॅमिन सीबद्दलही विचारलंत. त्याचं एक रूप ग्लुट-१ मधूनच आत जातं आणि के-रास बिघडलेल्या पेशी मारतं, असं २०१५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. ते शिरेतून दिलेल्या प्रचंड डोसाबद्दल होतं, गोळ्यांनी रक्तात तेवढं चढत नाही. चीनमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले, तेव्हा केमोला ते जोडून एकूण रुग्णांत रोग जास्त काळ आवरला गेला नाही. आणि जी-६-पी-डी एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात.

मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गोळ्याही ‘साखरेची वाट’ अडवतात, पण मुख्यतः मूत्रपिंडातली. जेवण धड जात नसताना त्या मनाने सुरू केल्या तर रक्तात कीटोन (चरबी जळून बनणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं.

साखर पूर्ण तोडली तरी यकृत ती बनवतच राहतं, त्यासाठी स्नायूंतली प्रथिनं मोडली जातात. गाठीला मिळायचं ते मिळतं, झिजतात तुमचे बाबा. उकड्या तांदळाची पेज, जोडीला मासा, अंडं किंवा मुगागाठी, जे जाईल ते थोडं थोडं द्या. चवथीला एखादी नेवरी मागितली तर नाही म्हणू नका. मधुमेह असेल तर मात्र साखर तपासत राहा, कारण उलटी होऊ नये म्हणून केमोसोबत देतात त्या डेक्सामेथासोननं ती चढते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर सोलकढी फ्रीजमधली नको, त्यात थंड बाधतं.

वजन दर आठवड्याला लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. रास आणि बी-राफ जनुकांची तपासणी झालीय का, तेही तेव्हाच विचारा. रोग पसरलेला असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध द्यायचं की नाही हे त्या रिपोर्टवर ठरतं.