शूटिंगला निघण्याआधी

प्रिय पोरी,

सिनेमात काम मिळालं, पण ऐन मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत नाटक सोडून कसं जाऊ, असं तू विचारलंस. खुशाल जा.

आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक चालतं. धानाच्या तनशीवर बसलेल्यांच्याही मागे, सायकलला टेकून उभ्या माणसाला तुझं वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, हे मी तुला शिकवलं. कॅमेऱ्यापुढे तो माणूस हातभर अंतरावर आहे असं समज. त्याला सांगायला आवाज लागत नाही, मनात विचार खरोखर यावा लागतो. तो आला नाही, तर डोळ्यांत लगेच दिसतं.

माझ्या पहिल्या शूटिंगमध्ये मी बापाचं काम करत होतो. पोरगा गेल्याची बातमी येते आणि हातातला लोटा खाली ठेवायचा. एका टेकला मी वाक्याच्या मधेच ठेवला, दुसऱ्याला वाक्य संपल्यावर. दोन टेकची जोड जुळेना. त्यातच लांबून शॉट घेताना मी सगळं रडून घेतलं आणि कॅमेरा जवळ आला तेव्हा आत काही उरलंच नव्हतं. तो प्रसंग कापला गेला. आजही ते मनाला लागतं.

म्हणून कोणत्या शब्दावर हात हलतो, हे पहिल्याच टेकला पक्कं कर. लांबच्या शॉटमध्ये खोटं करू नकोस, पण स्वतःला रिकामंही करू नकोस. जमिनीवरच्या खुणेवर पाय न बघता थांबायची सवय घरच्या अंगणात कर. आणि समोरच्याचा क्लोजअप चालू असेल, तू कॅमेऱ्यात नसशील, तेव्हाही पूर्ण काम कर. आपल्या नाटकाला तालमी कमी, म्हणून समोरच्याचं कान देऊन ऐकणं ही आपली खरी कमाई. ती तिथे वापर.

‘झाडीपट्टीवाले ओरडतात’ असं कोणी म्हणालं तर मान खाली घालू नकोस. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळच्या प्रयोगातलं तुझं काम मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. तारखा कळव.

तुझा,
काका