रात्री उपाशी, तरी सकाळी साखर जास्त कशी?

मधुमेहींकडून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. आणि त्यापायी घरात बरीच भांडणंही झालेली असतात.

एक काकू मुलगा-सुनेबरोबर आल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, टाइप 2 मधुमेह, संध्याकाळी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी. साखर उतरत नाही म्हणून काकूंनी रात्रीचं जेवणच सोडलेलं, कपभर दुधावर झोपायच्या. तरी उपाशीपोटी 160 च्या आसपास. मुलाचा निकाल तयार होता, "मॅडम, आई रात्री उठून काहीतरी खाते."

काकूंनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून टेबलावर ठेवलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं आकडे. "चोरून खाणारी बाई हे लिहीत बसेल का हो?"

मी मुलालाच विचारलं, रात्री आठ तास पोटात काही जात नाही, तेव्हा मेंदू कशावर चालतो? प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर, म्हणजे 4-5 ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं. एकटा मेंदूच तासाला तेवढं संपवतो. मग ते भरून कोण काढतं? यकृत. त्याच्या कणगीत सुमारे 100 ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेलं असतं, शिवाय प्रथिनांच्या घटकांपासून ते नवं ग्लुकोजही बनवतं. पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना 1848 मध्ये नुसतं मांस खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या यकृतातून येणाऱ्या रक्तातही साखर सापडली होती. तर साखर गोड खाण्यातूनच येते असं नाही.

स्वादुपिंडातून येणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक यकृताला साखर सोडायला सांगतं, इन्सुलिन ती आवरायला. पहाटे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, रात्री झोपेत सुटलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणामही त्यात मिळतो, आणि यकृत जरा जास्तच साखर सोडतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन वाढवून आकडा ताब्यात ठेवतं. टाइप 2 मध्ये यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि स्वादुपिंडालाही जास्तीचं इन्सुलिन पुरवणं झेपत नाही. काकू गाढ झोपेत असतानाच आकडा चढत होता!

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवा न जेवा. गोळी घेऊन उपाशी झोपलं तर रात्री साखर 70 च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायाला कंप, धडधड. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. उपास करून साखर उतरवायची कल्पना मला मुळीच पटत नाही. गोळ्यांवर असलेल्यांनी तर डॉक्टरांना न विचारता जेवण सोडूच नये.

काही रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर, असं तीनदा तपासायला सांगितलं. तीनचा गजर सुनेनं लावला, सासूच्या बोटाला सुईही तिनंच टोचली. एका रात्रीचे आकडे 126, 131, 159. म्हणजे मध्यरात्री साखर पडत नव्हती, पहाटेच चढत होती.

ते पान घेऊन मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, कारण गोळ्या बदलणं माझं काम नाही. त्यांनी ग्लिमेपिराइड कमी केलं आणि मेटफॉर्मिन वाढवलं. मेटफॉर्मिनचा मुख्य भर यकृताचं साखर सोडणं कमी करण्यावर असतो. रात्री आठच्या आत अर्धी भाकरी, वरण, भाजी सुरू झाली, आणि जेवणानंतर सोसायटीच्या आवारात फेऱ्या. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात.

तीन महिन्यांनी एचबीए1सी 8.1 वरून 7.2 वर आलं. रक्ताच्या लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते ही तपासणी मोजते. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे तीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. मुलाला मी तोच आकडा बघायला सांगितलं. सकाळची साखर अजूनही कधी 118 येते, कधी 135, आणि डॉक्टरांची त्याला हरकत नाही.