रोस्ट बीफसोबत ट्रेमधला रस वाढतात. त्यात काही पोषण असतं, की ती नुसती चरबी?

दोन्ही असतं, फक्त वेगवेगळ्या थरांत. ट्रेच्या तळाशी जमलेलं सगळं एका वाटीत ओतून पाच मिनिटं ठेवा. वर चरबीचा तवंग येईल, खाली राहील ते मांसाला सुटलेलं पाणी.

या पाण्यात ब गटातली जीवनसत्त्वं, पोटॅशियम आणि थोडी प्रथिनं उतरलेली असतात. पण दोन-तीन चमच्यांतून असं किती मिळणार? तो रस चवीसाठीच घ्यावा. लालसर दिसला की काहीजण रक्त समजून नाक मुरडतात, पण तो रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो. फ्रिजमध्ये ठेवल्यावर रस थरथरीत गोठला तर ते जिलेटिन. त्याचं कौतुक बरंच होतं, पण ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसल्यामुळे प्रथिन म्हणून ते अपुरंच.

खरं पोषण मांसातच आहे. कमी चरबीच्या, भाजलेल्या १०० ग्रॅम बीफमधून साधारण २६ ते २९ ग्रॅम प्रथिनं मिळतात, शिवाय जस्त आणि बी-१२ भरपूर. लोह आकड्यात फार नसतं, अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. पण ते हीम प्रकारचं, म्हणजे मांसात आढळणाऱ्या रूपातलं असल्याने भाज्या-डाळींतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, आणि त्याच जेवणातल्या भाज्यांमधलं लोह शोषायलाही मांसाची मदत होते. कर्बोदकं जवळजवळ शून्य, तंतू अजिबात नाहीत.

कॅलरी मात्र तुकड्यावर ठरतात. मागच्या पायाचा चरबी छाटलेला तुकडा १०० ग्रॅमला १७० ते २०० कॅलरींत बसतो, बरगड्यांकडचा चरबीदार ३००च्या वर जातो. त्यावर तवंगासकट रस ओतलात, तर मोठा चमचाभर चरबीच्या आणखी ११०-१२० कॅलरी धरा, आणि त्या चरबीतली निम्मी संतृप्त. म्हणून तवंग चमच्याने काढा, किंवा रस गार करून वरची घट्ट पापडी उचलून टाका.

किती खावं? जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावं. रक्तदाब असेल तर रसातल्या मिठाकडेही बघा. मांसाला चोळलेलं मीठ त्यात उतरतं, रस आटवला की आणखी खारट होतो, आणि वर स्टॉकची, म्हणजे मांसाच्या अर्काची खारट तयार वडी टाकली तर विचारूच नका.