बेळगाव-खानापूर भागात अत्याचारग्रस्त महिलांना मदत करायची आहे, सुरुवात कशी करू?

मराठी आणि कन्नड दोन्ही येत असेल तर इथं तुमची फार गरज आहे. आधी जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे अत्याचारग्रस्त महिलांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सरकारी केंद्रात, चौकशी करा. प्रशिक्षण न घेता थेट कुणाच्या घरी जाऊ नका.

सगळ्यात जास्त अडतं ते पोलीस ठाण्यात. बाई मराठीत सांगते, फिर्याद कन्नडमध्ये टाइप होते, आणि न समजताच सही होते. पुढे उलटतपासणीत नेमकी तीच तफावत काढली जाते. म्हणून सहीआधी ओळ न ओळ तिला मराठीत समजावून सांगा. तिचे शब्द सौम्य करू नका; 'ओढून नेलं' याचं 'घेऊन गेला' झालं की केस तिथंच ढिली पडते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. घटना महाराष्ट्रातल्या चंदगडला घडली आणि बाई खानापुरात असली तरी झिरो एफआयआर होतो, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवावीच लागते. 'आमची हद्द नाही' ऐकून परत फिरू नका.

बलात्कार झाला असेल तर गर्भ रोखणारी गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधं घटनेपासून ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. खासगी दवाखान्यालाही प्रथमोपचार मोफत द्यावे लागतात, पण तो पोलिसांना कळवणार, हे तिला आधीच सांगा.

मुलगी १८ च्या आतली असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि 'ओरडली का नाहीस?' हे कधीही विचारू नका.