झेंड्याची घडी

लाडक्या सोनू,

परवा मामाने पाठवलेला फोटो तू बघितलास. आपलं इंदूरचं चर्च, अंगणात तिरंगा, फादर मिस्साच्या पांढऱ्या झग्यातच उभे आणि मागे सगळी पॅरिश, म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं. तू विचारलंस, "आई, हे लोकांना दाखवायला करायचात का? तुम्हाला कोणी परकं म्हणू नये म्हणून?" मी "नाही रे" म्हटलं आणि पोळ्या लाटायला लागले. पण ते "नाही रे" माझं मलाच पुरेना, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, अडलं तर विचार.

15 ऑगस्टला आमच्याकडे दोन सण असायचे. मरियामातेला देहासकट स्वर्गात नेलं, तो सण याच तारखेचा, आणि तो शेकडो वर्षं आधीपासूनचा. म्हणजे 1947 सालीही त्या दिवशी चर्चमध्ये मरियेचा सण होताच. देशाला नेमकी तीच तारीख मिळाली. तुझ्या आजोबांना याचं फार अप्रूप. "आईच्या सणालाच देश सुटला," असं दर वर्षी म्हणायचे, जणू आत्ताच सुचलंय.

आजोबा मूळ राहुरीकडचे, हे तुला माहीत आहे. सैन्यात सिग्नल्समध्ये होते, म्हणजे संदेशवहनाचं काम; 1971 चं युद्ध पाहिलेलं. महूला बदली झाली आणि निवृत्तीनंतर तिथून जवळच म्हणून इंदूरला घर केलं. पॅरिशमध्ये केरळच्या सिस्टर, झाबुआकडचे आदिवासी, गोव्याचे, तमिळ, सगळे होते. मराठी घरं मोजून चार. मिस्सा हिंदीत व्हायची आणि आजी डोक्यावरून पदर घेऊन शेजारी बसून हळूच मराठीत "नमो मरिये" म्हणायची. सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे. मला लाज वाटायची. आता तोच आवाज आठवायचा प्रयत्न करते आणि नीट आठवत नाही.

दर सप्टेंबरला आम्ही हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला जायचो. तिथे हजारो माणसं मराठीत गाताना पाहिली की आजी मोकळी व्हायची. इंदूरला परतलं की पुन्हा चार घरं.

झेंड्याचं सगळं काम आजोबांकडे. आदल्या रात्री तो घरी यायचा, इस्त्री व्हायची, अंगणातल्या गुलाबाच्या पाकळ्या मधे ठेवून त्याची पुडी बांधली जायची. ती गाठ अशी की दोरीला एक हिसका दिला की सुटली पाहिजे. एका वर्षी पावसाने दोरी फुगली आणि गाठ सुटेना. सगळी पॅरिश भिजत उभी. आजोबांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. मग सुटली एकदाची आणि ओल्या पाकळ्या थेट फादरांच्या डोक्यावर पडल्या. जन गण मन झालं की कागदाच्या पुडीत शेव आणि नुक्ती, म्हणजे गोड बुंदी. त्या नुक्तीचा पाक शेवेला लागायचा, ती चव मला इथे मेलबर्नमध्ये कुठेच सापडली नाही.

आता तुझा प्रश्न. त्या दिवशी आजोबा भोंग्याचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे. रोजच्या मिस्साला ते आतल्या बाजूला असायचं. मी सहावीत असताना वर्गात एक बाई म्हणाल्या होत्या, "तुमचं काय, तुमचा तर पोप." घरी येऊन मी रडले. आजोबांनी मला काका बॅप्टिस्टांची गोष्ट सांगितली. लोकमान्यांचे सोबती, 1916 साली होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष, आणि आपल्यासारखेच कॅथलिक. मी दुसऱ्या दिवशी ते वर्गात सांगितलंही. अभिमान वाटला. पण आज वाटतं, दर वेळी कोणाचं तरी नाव पुरावा म्हणून खिशात का बाळगावं लागायचं? जिचे वडील युद्धावरून परतलेत त्या मुलीला? तर हो, सोनू. थोडं दाखवायला होतं. रस्त्याकडे वळवलेल्या भोंग्याचं मी दुसरं काय सांगू?

पण तू संध्याकाळ पाहिलेली नाहीस.

तेव्हाचा नियम असा की सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरलाच पाहिजे. सकाळची माणसं केव्हाच घरी गेलेली. फाटक बंद, अंगणात चिखल. आजोबा मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. झेंडा हळू उतरवायचे, जमिनीला टेकू न देता. दोन कोपरे माझ्या हातात. "आधी केशरी आत. आता हिरवा आत. चक्र वर राहू दे." मग दोन्ही बाजू आत घेतल्या की चक्र वर येतं आणि कडेला केशरी-हिरवा थोडा थोडा दिसतो. ती घडी ते दोन्ही तळव्यांवर घेऊन वेदीमागच्या खोलीत जायचे. तिथल्या कपाटात वेदीवरची धुतलेली कापडं असायची, त्यांच्याच शेजारी ठेवायचे. बघायला मी सोडून कोणी नाही.

1995 च्या फेब्रुवारीत सिस्टर राणी मारिया गेल्या. देवास जिल्ह्यात उदयनगरला त्या भूमिहीन आदिवासींसाठी काम करायच्या, सावकाराच्या कर्जातून माणसं सोडवायच्या. इंदूरकडे येताना बसमध्ये त्यांना गाठून मारलं. घरात कितीतरी दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्या 15 ऑगस्टच्या संध्याकाळी कोपरे धरून मी आजोबांना म्हटलं, "दादा, त्यांनी आपल्या सिस्टरला मारलं, तरी आपण हा लावायचा?" ते थांबले. "त्यांनी म्हणजे कोणी? मारलं एका माणसाने. कोपरा नीट धर."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पुढे सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याच माणसाला राखी बांधली, ते वाचलं तेव्हाही मी तेवढी मोठ्या मनाची नव्हते. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरला सिस्टरना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. आपण मुद्दाम गेलो होतो, तू पाच वर्षांचा, माझ्या कडेवर झोपलेला. आजोबा व्हीलचेअरवर. ते पूर्ण वेळ रडत होते, आणि का ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

यंदा 15 ऑगस्टला इथल्या चर्चमध्ये संध्याकाळी मिस्सा आहे. मी जाणार. तुझी बास्केटबॉलची प्रॅक्टिस आहे हे मला माहीत आहे, ती सोडून ये असं म्हणत नाही. तू झेंड्यासमोर उभं राहावंस असंही नाही. तुझा देश कोणता, हे तू मला विचारशील तेव्हा मला उत्तर येणार नाही बहुतेक.

गेल्या रविवारी मी मोठी चादर वाळत घातलेली काढली, तेव्हा तू फोन खिशात टाकून न सांगता समोर आलास आणि दोन कोपरे धरलेस. मी सवयीने म्हटलं, "आधी काठ आत." तू म्हणालास, "माहितीये गं."

तुझी,
आई